गवंती येते ना? मग तिथूनच सुरुवात करा

पत्र, थोडं आटोपशीर करून:

"नमस्कार. मी मूळची बेळगावची, लग्नानंतर ओहायोत. मध्ययुगीन युरोपातले पोशाख, लढाया, मेजवान्या हौसेनं उभ्या करणाऱ्या एका गटात माझा सोळा वर्षांचा मुलगा जातो, तिथे ढाल-तलवार शिकतो. त्याला नेणं-आणणं माझ्याकडे, म्हणून दिवसभर मैदानाच्या कडेला रिंग घेऊन मी भरत बसते. मागच्या मेळाव्यात हस्तकलेच्या टेबलावर तुमचंही काहीतरी ठेवा असा आग्रह झाला. मॅटीवर, म्हणजे भोकाभोकांच्या सुती कापडावर, फुलीच्या टाक्यात अँकरच्या सुती दोऱ्यानं भरलेला उशीचा अभ्रा मी ठेवला. एका ज्येष्ठ बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, 'छान आहे, पण हा दोरा त्या काळी नव्हता. कुठल्या वस्तूवरून केलंत? आधार काय?' मला उत्तर सुचेना. सगळ्यांसमोर तोंडावर पडल्यासारखं झालं. आता वसंतात पुन्हा प्रदर्शन आहे आणि मुलाचे शिक्षक म्हणतात, या वेळी स्पर्धेत उतरा. आईकडून कर्नाटकी कशिदा शिकले आहे, गवंती, मुरगी, नेगी, मेंथी हे सगळे टाके येतात, पण ते इथे काय कामाचं? आणि मी भारतीय असताना युरोपातलं काम केलं तर विचित्र दिसेल का? आमचे हे म्हणतात, आपलं सोडून राणीच्या दरबारातलं कशाला? शिवाय आता बावन्न वर्षांची आहे, डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत. काय करू?
एक कशिदाकार, ओहायो"

प्रिय ताई,

त्या बाईंचा प्रश्न योग्य होता. विचारायची वेळ आणि तऱ्हा मात्र चुकली. पहिल्यांदाच काही आणून ठेवणाऱ्या बाईला आधी बसवून घ्यावं, हे कसं भरलंत ते कौतुकानं विचारावं आणि मग दोऱ्याकडे वळावं, एवढी रीत त्यांनी पाळायला हवी होती. तुम्हाला लागलं ते साहजिकच आहे. पण तुमच्या हातात कसब आहे की नाही, याबद्दल त्यांना शंका नव्हती. "कुठल्या वस्तूवरून?" हा या मंडळींमधला रोजचा प्रश्न आहे. वर्षानुवर्षं मुरलेल्यांनाही तो विचारतात आणि ते आनंदानं तासभर उत्तर देत बसतात.

तुम्ही गटाचं नाव लिहिलेलं नाही, त्यामुळे सगळीकडे साधारण काय चालतं ते सांगते. अमेरिकेतली या छंदाची सगळ्यात मोठी संस्था म्हणजे सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रोनिझम. १ मे १९६६ रोजी कॅलिफोर्नियातल्या बर्कलेत एका घराच्या परसात झालेल्या मेजवानीतून तिचा जन्म झाला. सतरावं शतक उजाडण्याआधीचं जग हा त्यांचा विषय. लढाई लांबून दिसते, म्हणून बाहेरच्यांना तेवढीच ठाऊक असते. प्रत्यक्षात शिवण, भरत, विणकाम, रंगकाम, सुलेखन, पाककला यांचाही पसारा तितकाच मोठा आहे आणि कलांमधल्या प्रावीण्यासाठी 'लॉरेल' हा त्यांचा सर्वोच्च मान आहे. कसब तर हवंच. त्याबरोबर, हे त्या काळी खरंच कसं करत असतील याचा शोध हातानं घ्यायचा, यातच तिथे सगळा रस असतो. तुमच्या अभ्र्याला सुंदर म्हणता येत होतं, पण त्याच्यातून त्या शोधाचं काही कळत नव्हतं. बस, एवढंच झालं.

दोऱ्याचं म्हणाल तर त्यांचं म्हणणं खरं आहे. सुती दोऱ्याला ती रेशमासारखी चकाकी आणणारी मर्सरायझेशनची प्रक्रिया एकोणिसाव्या शतकातली. लडीतून हवे तितके पदर सोडवून घ्यायचा आपला सहा पदरी दोराही त्यानंतरच्या काळातलाच. सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये भरतकाम व्हायचं ते मुख्यत्वे रेशमानं, लोकरीनं आणि सोन्यारुप्याच्या तारेनं. कापड लिननचं, नाहीतर लोकरीचं किंवा रेशमाचं. जाता जाता, क्रोशाचं काही नेणार असाल तर नेऊ नका. क्रोशे आपल्या आज्यांच्या हातात इतका रुळलेला होता की तो फार जुना वाटतो, पण तोही एकोणिसाव्या शतकातला.

आता तुमच्या पत्रातल्या त्या वाक्याकडे येते जे तुम्ही जवळजवळ माफी मागितल्यासारखं लिहिलंय. "गवंती येते, पण ते इथे काय कामाचं?"

ताई, तेच तर कामाचं आहे! गवंतीत आपण काय करतो? कापडाचे धागे मोजत धावदोरा घालत जायचं, टोकाला पोचलं की परत फिरायचं आणि येताना मोकळ्या राहिलेल्या जागा भरत यायचं. गाठ मारायची नाही. उलटी आणि सुलटी बाजू अगदी एकसारखी. ट्यूडर राजघराण्याच्या काळातल्या इंग्लंडमध्ये पांढऱ्या लिननवर काळ्या रेशमानं जे 'ब्लॅकवर्क' करायचे, त्यातला एक मुख्य टाका हाच. हान्स होल्बाइन या चित्रकारानं १५३६ च्या सुमारास आठव्या हेन्रीची तिसरी राणी जेन सीमोर हिचं चित्र रंगवलं. ते आज व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये आहे. संगणकावर ते मोठं करून फक्त तिच्या मनगटांकडे बघा. बाहीच्या टोकाच्या पांढऱ्या झालरीवर काळी नक्षी आहे. झालर वळते तिथे कापडाच्या दोन्ही बाजू डोळ्यांसमोर येतात. मागच्या बाजूला दोऱ्यांचा गुंता असून चालणारच नाही, अशी ही जागा. होल्बाइननं ही नक्षी इतक्या बारकाईनं रंगवली की आज इंग्रजीत त्या टाक्याला त्याचंच नाव आहे.

इथे एक काळजी घ्या. धारवाडचा टाका इंग्लंडला गेला किंवा तिकडचा इकडे आला, असं काही टेबलावर सांगू नका. तसा पुरावा माझ्या पाहण्यात नाही. धागे मोजता येतील असं कापड, दोन्ही बाजू नीट दिसाव्यात ही गरज आणि हातात सुई असली की माणसं वेगवेगळ्या मुलखांत त्याच युक्तीपाशी येऊ शकतात. "माझ्या आईनं मला हाच टाका गवंती म्हणून शिकवला" हे मात्र खुशाल सांगा. ते खरं आहे आणि ऐकणारे कान टवकारतील.

स्पर्धेसाठी माझं सुचवणं असं. "ब्लॅकवर्क करते" असा मोघम बेत नको. एक खरी वस्तू धरा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जेन बॉस्टॉक हिनं भरलेली एक नमुना-पट्टी (इंग्रजीत 'सॅम्पलर', टाक्यांचे आणि नक्षीचे नमुने भरून ठेवलेलं कापड) आहे. साधारण ४३ सेंटिमीटर उंच आणि ३६ रुंद लिननचा तुकडा, त्यावर रेशीम आणि धातूचा दोरा. वरच्या भागात कुत्रा, हरीण, साखळीला बांधलेलं अस्वल असे सुटे नमुने, मग अक्षरं आणि खाली नक्षीचे चौकोन नि पट्ट्या गच्च भरलेल्या. तिनं स्वतःचं नाव आणि १५९८ हे साल त्यात भरलंय. अ‍ॅलिस ली नावाच्या मुलीचा जन्म २३ नोव्हेंबर १५९६ ला, मंगळवारी दुपारनंतर झाला, हेही सुईनं लिहून ठेवलंय. साल भरलेल्या ब्रिटिश नमुना-पट्ट्यांमधली ही सगळ्यात जुनी मानतात. तुमच्या दृष्टीनं याचा फायदा असा की काळ सिद्ध करायची कटकटच नाही, बाईनं तारीख घालून ठेवली आहे. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर फोटो आणि टाक्यांची माहितीही मिळते.

पूर्ण पट्टी करायला बसू नका. खालच्या भागातला एक नमुना घ्या, तळहाताएवढा तुकडा पुरे. तो आधी चौकटीच्या कागदावर उतरवून घ्या. यात एक बारकावा आहे. जेनच्या कामात टीप, साखळी, काजटाका, गाठीचे टाके असं बरंच काही आहे. तुम्ही तिचा नमुना गवंतीनं भराल तर तो तुमचा बदल ठरतो. बदल करायला कसलीच हरकत नाही, फक्त तो लपवायचा नाही.

सामानाचं सांगते. मॅटी बाजूला ठेवा. ताणा-बाणा सारख्या जाडीचा असलेलं लिनन घ्या, इंचाला २८ किंवा ३२ धाग्यांचं. जुनी कामं याहून खूप बारीक कापडावर आहेत, पण तुम्हाला डोळे सांभाळायचे आहेत. २८ धाग्यांच्या कापडावर दोन-दोन धाग्यांवरून टाका घेतला की इंचात १४ टाके बसतात. इरकलीवर भरलेल्या हाताला हे मुळीच जड जाणार नाही. अर्धा मीटर कापड आणि पीळ दिलेल्या बारीक काळ्या रेशमाच्या दोन लड्या, एवढा खर्च पुरतो. सराव आपल्या नेहमीच्या सुती दोऱ्यावर करून घ्या, रेशीम हातात धरायच्या आधी. सुई बोथट टोकाची हवी, म्हणजे ती धाग्यांमधून सरकते, धागा फोडत नाही. जुन्या चित्रांतून बायका-पुरुष चार दांड्यांच्या चौकटीवर काम करताना दिसतात. आपल्या जरदोजीवाल्यांचा अड्डा आठवा, तसलाच प्रकार. तुमच्या कामाला रिंग चालेल. फक्त रोज काम संपलं की रिंग काढून ठेवा, नाहीतर लिननवर पडलेली गोल घडी लवकर जात नाही. आणि टेबलावर मांडताना स्क्रूची प्लास्टिकची रिंग नको.

टाक्याबद्दल तुम्हाला मी काय सांगणार? तरी परतीच्या फेरीविषयी दोन शब्द लिहिते, कारण परीक्षक भिंग घेऊन तीच बघतात. जाताना टाके आपोआप सरळ पडतात. येताना त्याच छिद्रांतून सुई घालायची असते, तिथे गडबड होते. आधीच्या टाक्याच्या वरच्या अंगानं सुई बाहेर काढली असेल तर पुढच्या टाक्याच्या खालच्या अंगानं आत घाला आणि शेवटपर्यंत हाच क्रम ठेवा. सगळे टाके एकाच बाजूला केसभर कलतात आणि रेघ सलग दिसते. क्रम मोडला की रेघ दातेरी होते, लांबूनही कळते. नक्षीला फांदी फुटली की मुख्य रेघ तिथेच थांबवून फांदीच्या टोकापर्यंत जा, भरत परत या आणि पुढे निघा. चौकटीच्या कागदावर जातानाची वाट एका रंगानं आणि येतानाची दुसऱ्या रंगानं आखून ठेवली तर मध्येच कोंडी होत नाही. सुरुवात गाठ न मारता, तुमच्या आईनं शिकवलं तशीच, दोन-तीन बारीक टाके घेऊन दोरा अडकवून. ही सवय तुमच्याकडे आहे. तिथल्या बऱ्याच जणींना ती मुद्दाम लावून घ्यावी लागते.

न मोजता भरायचं, वेलबुट्टीचं काम पुढे कधी हाती घेतलंत तर नक्षी उतरवायची रीतही ओळखीची निघेल. कागदावरच्या रेघेवर सुईनं बारीक छिद्रं पाडायची, कागद कापडावर ठेवायचा आणि कोळशाची पूड चोळून ठिपके उमटवायचे. आपल्याकडे साडीवर खाका छापतात तोच हा धंदा, फक्त आपल्याकडे पुडीऐवजी रॉकेलमध्ये कालवलेला रंग असतो. १५२० च्या दशकात जर्मनीतल्या ऑग्सबुर्गला भरतकामाच्या नमुन्यांची छापील पुस्तकं निघू लागली. अशा पुस्तकांची पानं बायकांनी अशीच टोचून टोचून संपवली. त्यामुळे त्यांच्या धड प्रती आज कमीच उरल्या आहेत.

काळ्या रंगाविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या काळी युरोपात रेशीम काळं करायचे ते लोहाच्या क्षारानं आणि ओकच्या झाडावरच्या गाठींनी. ओकच्या गाठी म्हणजे आपल्या बाळगुटीतलं मायफळ. झाडाच्या जाती वेगवेगळ्या, पण वस्तू तीच. आपले रंगारी लोहाबरोबर हिरडा वापरायचे, त्यातही गुण तोच. या काळ्याचा दोष असा की लोह हळूहळू रेशीम खातं. संग्रहालयांत ब्लॅकवर्कच्या अशा वस्तू आहेत ज्यांच्यातलं काळं रेशीम झडून गेलंय आणि लिननवर फक्त सुईची छिद्रं उरली आहेत. त्या छिद्रांवरून नक्षी वाचावी लागते. म्हणून तुम्ही अस्सलपणाच्या हट्टानं लोहात रंगवलेलं रेशीम शोधू नका. आजचं पक्क्या रंगाचं काळं घ्या आणि तसं लिहा. रंगवायचीच हौस आली तर लाल रंगापासून सुरुवात करा. लोकरीच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के तुरटी लावून घ्यायची आणि मग मंजिष्ठेत रंगवायचं. पाणी ७० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, नाहीतर लाल काळवंडून विटकरी होतो. युरोपातला 'मॅडर' ही आपल्या मंजिष्ठेची सख्खी बहीण.

आता "आधार काय" याचं उत्तर. लोक याला घाबरून प्रबंध लिहायला बसतात. एक पान पुरतं, आणि तुमच्या बाबतीत ते साधारण असं होईल:

"मूळ वस्तू: जेन बॉस्टॉकची नमुना-पट्टी, १५९८, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, लंडन. मूळ कामात लिननवर रेशीम आणि धातूचा दोरा आहे. मी खालच्या भागातला एक नमुना घेतला आहे. मूळ कापड बरंच बारीक आहे, मी डोळ्यांना झेपेल असं २८ धाग्यांचं लिनन वापरलं. काळं रेशीम आजच्या रंगाचं आहे, कारण लोहानं रंगवलेलं रेशीम टिकत नाही. मूळ पट्टीतल्या टिपेऐवजी मी दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा धावदोरा घातला आहे. त्याचा आधार होल्बाइनच्या जेन सीमोरच्या चित्रातली मनगटाची झालर. हा टाका मी माझ्या आईकडून कर्नाटकी कशिद्यात शिकले."

शेजारी मूळ वस्तूचा फोटो आणि तुमचा चौकटीचा कागद ठेवा. काम असं मांडा की उलटी बाजूही बघता येईल. मूळ काय, मी काय केलं, काय बदललं, का बदललं. परीक्षकाला यापलीकडे काही नको असतं. जे बदललं ते आपणहून सांगितलं की त्यावर कोणी बोट ठेवत नाही. न सांगितलेला बदल मात्र लगेच सापडतो.

कोणाचं तरी उतरवून काढण्यात तुम्हाला कमीपणा वाटत असेल, तर इंग्लंडमधल्या लीक या गावच्या बायकांचं उदाहरण देते. अकराव्या शतकातलं ते फ्रान्समधल्या बायो गावचं प्रसिद्ध भरतकाम, लिननवर लोकरीनं भरलेली, जवळजवळ ७० मीटर लांबीची, नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्याची कथा, एलिझाबेथ वॉर्डल यांच्या पुढाकारानं लीकमधल्या ३५ जणींनी १८८५-८६ मध्ये पूर्ण मापात पुन्हा भरून काढली. ती आज रेडिंगच्या संग्रहालयात आहे आणि प्रत्येकीनं आपापल्या भागाखाली नाव भरलंय. लोकर रंगवली एलिझाबेथबाईंचे पती थॉमस वॉर्डल यांनी. हिंदुस्थानातल्या टसर रेशमावर आणि इथल्या रंगांवर आयुष्य घातलेला हा माणूस. पण या प्रतीत एक गंमत आहे. बायकांनी मूळ कापड समोर ठेवून काम केलं नव्हतं, फोटोंवरून केलं. ते फोटो सभ्यतेच्या कल्पनांपायी आधीच कुणीतरी 'सुधारलेले' होते. मूळ कामात काठावर काही नग्न आकृत्या आहेत, त्यांना लीकच्या प्रतीत कपडे आले! इतक्या निष्ठेनं केलेल्या कामात ही चूक शिरली ती मधल्या माणसामुळे. तुम्हीही कुणाच्या तयार तक्त्यावरून, पिंटरेस्टवरच्या चित्रावरून भरू नका. संग्रहालयाचा फोटो उघडा आणि धागा न् धागा स्वतः बघा. त्या ज्येष्ठ बाईंच्या प्रश्नामागेही हेच कारण होतं.

भारतीय असून युरोपातलं काम केलं तर विचित्र दिसेल का, याचं उत्तर सरळ नाही असं आहे. टाका ज्याच्या हातात आहे त्याचा. उलट बाजूनं, तुम्ही भारतीय आहात म्हणून तुम्ही भारतीयच पात्र घेतलं पाहिजे, असं कोणी म्हणालं तर तेही मनावर घेऊ नका. या गटांत प्रत्येक जण त्या काळातलं एक काल्पनिक माणूस निवडतो आणि त्याच्या नावानं वावरतो. त्याची घाई नसते. वर्षभर साध्या अंगरख्यात वावरलात तरी चालतं. नवख्यांना मेळाव्यापुरते कपडे उसने द्यायची सोयही अनेक गटांत असते.

पण उद्या मनात आलंच, तर आपल्याकडचं काय कमी आहे? बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वरानं लिहिलेल्या 'मानसोल्लासा'त वस्त्रांवर वेगळं प्रकरण आहे. ती कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, तुमच्या बेळगावापासून एका दिवसाच्या वाटेवर. सोळाव्या शतकाच्या मध्याला एका पोर्तुगीजाच्या संग्रहासाठी काढलेली जलरंगातली चित्रं रोमच्या कासानातेन्से ग्रंथालयात आहेत. गोव्याच्या आणि आसपासच्या मुलखातल्या माणसांचे कपडे, कामधंदे त्यांत दिसतात. आणि भरतकामच हवं असेल तर बंगालमधल्या सातगावच्या रजया बघा. पांढऱ्या सुती कापडावर पिवळसर जंगली रेशमानं साखळी टाक्यात भरलेल्या या रजया सोळाव्या शतकाच्या शेवटाला आणि सतराव्याच्या सुरुवातीला पोर्तुगीजांसाठी बनत होत्या. एकाच कापडावर बायबलमधल्या कथा, शिकारीला निघालेले टोपीवाले फिरंगी आणि आपल्याकडची फुलंपानं, प्राणी. तुमच्या प्रश्नाचं उत्तर बंगालच्या कारागिरांनी चारशे वर्षांपूर्वी देऊन ठेवलंय असं मला ती रजई बघताना वाटतं. मात्र हा मोठा घाट आहे. पहिल्याच वसंतात त्यात शिरू नका.

तुमच्या ह्यांना याच रजयांचा फोटो दाखवा, आणि शेजारी तुमच्या आईची इरकल ठेवा. "आपलं सोडून" हा त्यांचा शब्द मला पटत नाही. परदेशात तुम्ही आईचा टाका रोज हातात ठेवला आहे, तो जगाच्या इतिहासात कुठे बसतो ते शोधताय. यात सोडलं काय? त्यांची खरी तक्रार वेळेबद्दल किंवा शनिवार-रविवार रिकामं घर याबद्दल असेल, तर ती वेगळी गोष्ट, आणि ती तुम्ही दोघांनी बोलून मिटवायची. एकदा त्यांना मेळाव्यात जेवायला घेऊन जा. जुन्या हस्तलिखितांतल्या पाककृतींवरून रांधलेलं जेवण असतं. पुरुषमाणूस तिथे लगेच रमतो असा माझा अनुभव आहे.

डोळ्यांसाठी दिवसाचा उजेड, डाव्या हाताला खिडकी, गळ्यात अडकवायचं भिंग, आणि पांढऱ्या लिननवर भरताना मांडीवर गडद रंगाचं कापड, म्हणजे लिननची भोकं ठळक दिसतात. संध्याकाळनंतर काळ्याला हात लावू नका. मध्ययुगीन पॅरिसमधल्या अनेक कारागीर संघांच्या नियमांत रात्री काम करायला चक्क मनाई होती, कारण दिव्याच्या उजेडात काम निकस उतरतं. तेव्हा तुम्ही हात आवरता घेतला तर ते रीतीला धरूनच झालं.

स्पर्धेत उतरा, पण पहिल्या वर्षी गुणांसाठी नको. अर्ज भरताना 'फक्त अभिप्राय हवा' असा पर्याय असतो का ते आयोजकांना विचारा, बऱ्याच ठिकाणी तशी सोय करतात. आणि एक अवघड वाटेल असं काम करा: त्या ज्येष्ठ बाईंनाच आधी गाठा. चौकटीचा कागद दाखवा आणि विचारा की या नमुन्याचं मूळ मी नीट वाचलंय का. ज्यांना दोरा एका नजरेत ओळखता येतो त्यांच्याकडून शिकण्यासारखं खूप असतं, आणि अशा बायकांना मनापासून विचारलं की त्या घरची पुस्तकांची पेटी उघडून देतात. नाहीच बोलल्या नीट, तर दुसरी कोणी शोधा.

ओहायोत असल्याचा एक मोठा फायदा तुम्हाला आहे. पेन्सिक हा या मंडळींचा सगळ्यात मोठा मेळावा दर उन्हाळ्यात तुमच्या शेजारी, पश्चिम पेनसिल्व्हेनियात भरतो. हजारो माणसं तंबू ठोकून राहतात आणि दिवसभर शेकडो वर्ग चालतात, त्यांत भरतकामाचे, रंगकामाचे, विणकामाचे कितीतरी. वर्गांचं वेळापत्रक आधी जाहीर होतं. लिनन आणि रेशमाचे विक्रेतेही तिथेच सापडतात, तेव्हा मोठी खरेदी तोवर थांबवा. मुलाला ओढून चौकोनी पत्त्यांवरच्या पट्टी-विणकामाच्या वर्गाला बसवा. चार कोपऱ्यांत चार छिद्रं असलेले पत्ते, प्रत्येक छिद्रातून एक दोरा, आणि पत्ते पाव-पाव फिरवत गेलं की नक्षीची पट्टी तयार होते. नॉर्वेतल्या ओसेबर्गच्या जहाजात, ८३४ साली पुरलेल्या दोन बायकांच्या सामानात, असे ५२ पत्ते अर्ध्या विणलेल्या पट्टीसकट मिळाले. सोळा वर्षांच्या मुलाला कमरेचा पट्टा स्वतः विणायला मिळतोय म्हटल्यावर तो नाही म्हणणार नाही.

वसंतातल्या प्रदर्शनासाठी मात्र कागद-पेन्सिल याच आठवड्यात घ्या. नमुना वाचायलाच भरण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.